पहिल्या तारखेचं दार

विदाद सब्बागच्या घरी पोर सोडायचं तर अंधाऱ्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढून यावं लागे. दारावर पाटी नव्हती, कधी नव्हतीच. मीना गावात बंदरामागच्या गल्लीत कुणालाही विचारा, ‘पोरं सांभाळणारी विदाद कुठं राहते?’ तो नुसतं बोट वर करायचा. गॅलरीत इवल्या इवल्या चड्ड्या आणि पायजमे वाळत घातलेले दिसले की समजायचं, हेच घर.

तिला स्वतःची एकच मुलगी, सहर. ती लग्न होऊन अक्कारच्या डोंगरात गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा समोरच्या शिक्षिकेनं आपलं तान्हं पोर चार दिवसांसाठी म्हणून विदादच्या हवाली केलं. ते चार दिवस काही संपलेच नाहीत. एकाची दोन झाली, दोनाची सहा-सात झाली. विदादच्या हाताला गुण होता. रडून रडून निळं पडलेलं पोर ती खांद्यावर टाकायची, आपल्या रुंद तळहातानं पाठीवर थापटत स्वयंपाकघरात फेऱ्या घालायची, आणि मुजद्दराच्या मसूर-भातावरचा कांदा लाल होईस्तोवर ते पोर लाळ गाळत झोपलेलं असायचं. पोरं तिला ‘तांत’, म्हणजे मावशी, म्हणायची. त्यांच्या आया आदरानं ‘सित्त विदाद’ म्हणायच्या. शेजारपाजारचे तिला लेकीच्या नावानं ‘उम्म सहर’, सहरची आई, म्हणत.

पैशाचं म्हणाल तर त्या दिवसांत कुणी बोटं मोजून हिशेब करत नव्हतं. कुणी महिन्याच्या मध्यावर द्यायचं, कुणी दोन महिन्यांचे एकदम द्यायचं, कुणी द्यायचं विसरून ईदला खजूर भरलेल्या मामूलचं ताट घेऊन यायचं. पैसे मागायची विदादला लाज वाटे. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई ती. तिचा नवरा बहजत तराबलस शहराच्या सुतारबाजारात फर्निचरला पॉलिश करायचा. त्यानं हात फिरवलेल्या कपाटात बघून बायका ओढणी नीट करून घेत, इतकी चकाकी. घर त्याच्या कमाईवर चालत होतं. पोरांचे पैसे म्हणजे नुसता वरखर्च.

पण त्या पॉलिशच्या वाफेनं बहजतची छाती आतून खाल्ली. आधी खोकला आला, मग जिना चढताना दोनदा बसायची वेळ आली, मग काम सुटलं. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन घरी आणा, आणि ते दिवसरात्र चालू राहिलं पाहिजे. मशीन आलं. पलंगाशेजारी एखाद्या म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरत बसलं. पोरं त्याला भ्यायची नाहीत. त्याची ऊब लागते म्हणून थंडीत त्याच्याभोवती गोळा व्हायची, आणि बहजत नाकातली नळी हलवून त्यांना हसवायचा.

मशीनला वीज लागते. सरकारी वीज दिवसातून तासभर येई, आली तर. बाकी सगळं कोपऱ्यावरच्या अबू हैसमच्या जनरेटरवर. त्याच सुमाराला देशाचं चलन, लिरा, कोसळला. सकाळी खिशात घातलेल्या नोटांची संध्याकाळी रद्दी होऊ लागली. बहजतनं आयुष्यभर साठवलेले पैसे बँकेत अडकले ते अडकलेच. अबू हैसम आता डॉलर मागू लागला, तेही महिना सुरू व्हायच्या आधी. आणि विदादच्या लक्षात आलं की ज्याला ती वरखर्च म्हणत होती, त्यावरच आता नवऱ्याचा श्वास चालला आहे.

तिच्याकडे निस्रीन नावाच्या नर्सची मुलगी यायची, लमीस. दोन-अडीच वर्षांची, गोल कपाळाची, बडबडी. निस्रीनचा नवरा कामाला म्हणून तुर्कीला गेला आणि वर्षभरानं त्याचा फोन लागेनासा झाला. ती दवाखान्यातून परत येताना लमीसला घ्यायला वर येई, तेव्हा आधी आत जाऊन बहजतला तपासायची, लागलं तर इंजेक्शन द्यायची. एक पैसा कधी घेतला नाही. म्हणून तिचा पगार कवडीमोल झाला तेव्हा विदादनंच तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

“तू राहू दे. जमेल तेव्हा दे,” ती हळू आवाजात म्हणाली. “फक्त कुणाला बोलू नकोस.”

निस्रीननं तिच्या हाताचा मुका घेतला. पण असल्या गोष्टी झाकून राहतात होय? महिन्याभरात दानिया दारात येऊन उभी राहिली. दानियाचा नवरा कुवेतला, दर महिन्याला डॉलर धाडणारा. तिचा मुलगाही विदादकडेच यायचा.

“सित्त विदाद, नर्सबाईंना फुकट आणि आम्हाला रोख, असं आहे का हो?” दानिया हसत हसत म्हणाली. “आमची पोरं काय पितळेची?”

“तिची अडचण आहे, बाई.”

“अडचण कुणाला नाही? मलाही आहे. पुढच्या आठवड्यात देते.”

तो पुढचा आठवडा आला नाही. दानियाचं बघून दुसरीनं लांबवलं, दुसरीचं बघून तिसरीनं. जी ती म्हणायची, “बस एवढ्या वेळी, सित्त विदाद, तुम्ही तर घरच्याच.” विदाद मान हलवायची आणि पोर आत घ्यायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. जानेवारीत अबू हैसमचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या डब्यात अर्धेही नव्हते.

ती त्याच्याकडे गेली. तो डिझेलनं काळे झालेले हात पुसत उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो.

“उम्म सहर, डिझेलवाला माझ्याकडून आधी मोजून घेतो, मग नळी सोडतो,” तो म्हणाला. “मी तुला थांबलो तर गल्ली थांबेल का?”

“घरात आजारी माणूस आहे, अबू हैसम.”

“गल्लीत कुणाच्या घरात नाही?”

दोन दिवस त्यानं वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, समुद्रावर वादळ घोंगावत असताना, त्यानं जनरेटरची तार काढली. खोलीतली ती घुरघुर एकदम थांबली आणि पोरंसुद्धा गप्प झाली. बहजतचे ओठ जांभळे पडले. खालच्या दुकानातल्या दोघांनी त्याला खुर्चीत बसवून तिन्ही मजले उतरवलं. दवाखान्यात खाट नव्हती. व्हरांड्यात, भिंतीला टेकवून ठेवला. तिथं निस्रीन कामावर होती. तिनं कुठून, कुणाच्या हातापाया पडून देव जाणे, एक सिलिंडर ओढत आणला.

विदाद त्याच व्हरांड्यातून एकेका आईला फोन करत होती. दानियानं उचलला तेव्हा मागून केस वाळवायच्या यंत्राचा आवाज येत होता.

“अहो, उद्या नक्की पाठवते,” दानिया म्हणाली. “आत्ता हात ओले आहेत माझे.”

बहजत वाचला. घरी आला. पण जो गेला होता तो आला नाही. आधी तो भिंत धरत धरत गॅलरीपर्यंत जायचा, खालून जाणाऱ्या कोळ्यांना हाका मारायचा. आता पलंगावरून उठून बसायलाही त्याला माणूस लागू लागला.

सहरनं आपली बांगडी विकून तार जोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी विदादनं सगळ्या आयांना दारातच थांबवलं. तिनं रात्रभर शब्द जुळवले होते.

“पहिल्या तारखेला,” ती म्हणाली. “पुऱ्या महिन्याचे, आधी, डॉलरमध्ये. पोर आजारी पडलं, आजीकडे गेलं, सण आला, पैसे कापायचे नाहीत. ज्याचे आले नाहीत, त्याचं पोर हा उंबरा ओलांडणार नाही.”

“कुणाचंच नाही?” दानियानं विचारलं. ती निस्रीनकडे बघत होती.

विदादनं निस्रीनकडे बघायचं टाळलं. “कुणाचंच नाही.”

दानियानं मागचे सगळे पैसे त्याच संध्याकाळी मोलकरणीच्या हातून पाठवले, वर निरोप, की सित्त विदादला सांग, बँक उघडलीत ते कळलं. इतरांचेही आले. दोघींनी पोरं काढून घेतली. विदादला वाटलं होतं की सगळ्याच जातील. पण लोक शिव्या देत देत का होईना, पैसे देत होते. तिला याचंच नवल वाटलं, आणि थोडा रागही आला. म्हणजे होते तर. त्या वादळाच्या दिवशीही होते.

निस्रीननं दोन महिने पैसे भरले. पहिल्यांदा लग्नातली साखळी गेली, दुसऱ्यांदा काय गेलं ते विदादनं विचारलं नाही. रमजान तोंडावर आला आणि पहिली तारीख उजाडली. निस्रीन जिना चढून आली ती निळ्या गणवेशात, एका हाताशी लमीस.

“दवाखान्यानं पगार दिला नाही,” ती म्हणाली. “म्हणतात, ईदच्या आधी देऊ.”

लमीस मात्र रोजच्यासारखी भिंतीशी बसली होती आणि बूट काढत होती. ते तिला नुकतंच जमू लागलं होतं. एक निघाला, तो तिनं भिंतीला नीट लावून ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.

“कुणाकडून उसने...”

“कुणाकडून, सित्त विदाद? ज्यांच्याकडून मिळतील त्या सगळ्यांचं आधीच देणं आहे.”

खालून बांगड्यांचा आवाज आला. दानिया मुलाला घेऊन वर चढत होती. एक पायरी खाली येऊन ती थांबली. नुसती उभी राहिली, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं तशी.

“मी तुमच्या बहजतसाठी...” निस्रीन म्हणाली आणि स्वतःच थांबली. तिला ते बोलून दाखवायचं नव्हतं.

“मला माहीत आहे,” विदाद म्हणाली. “मी विसरले नाही. पण एकीला सोडलं की काय होतं ते तूच बघितलंस. सिलिंडर तूच ओढलास.”

“मग मी आज कामावर कशी जाऊ? हिला घेऊन?”

विदाद उंबऱ्यावरून हलली नाही.

“मागच्या गल्लीतल्या उम्म शाकिरकडे ठेवते,” निस्रीन म्हणाली. “ती रोजचे रोज घेते. जे असेल ते.”

“तिच्याकडे नको ग. ती पोरांना सर्दीचं औषध पाजून झोपवते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.”

निस्रीननं तिच्याकडे सरळ बघितलं. “मग तुम्ही ठेवा.”

आतून मशीनची घुरघुर ऐकू येत होती. विदाद खाली वाकली, भिंतीशी ठेवलेला तो छोटा बूट उचलला आणि लमीसच्या पायात घालू लागली. पोरीला वाटलं, तांतचं काहीतरी चुकतंय. ती हसून पाय मागं ओढू लागली, “नाही तांत, काढायचा, काढायचा.” विदादनं बूट घातला आणि पट्टा लावला. निस्रीननं लेकीला उचललं आणि दानियाच्या अंगावरून खाली उतरून गेली.

“मानलं तुम्हाला,” दानिया म्हणाली, आणि पाकीट पुढं केलं.

बहजतनं आतून सगळं ऐकलं होतं. दुपारी पोरं झोपल्यावर विदाद त्याला सूप भरवायला बसली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

“पोरीला ठेवायची होतीस.”

“आणि तुझं मशीन?”

“माझं काय? मी पॉलिश केलेलं लाकूड आहे. वरून चकाकतोय, आतून कीड.”

“तोंड उघड.”

त्यानं तोंड उघडलं नाही. नाकातली नळी काढून उशीवर टाकली. “घे. वाचली तुझी वीज. जा, आण पोरीला.”

“बहजत, लाव ती.”

“आण म्हणतो ना.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, तो छताकडे. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली होऊ लागली, मानेच्या शिरा फुगल्या, तरी हात नळीकडे जाईना. पहिल्यापासून हट्टी. शेवटी तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यानं त्याचा हात दाबून धरला आणि झोंबून नळी नाकात घातली. त्याच्यात तिला ढकलायची ताकद नव्हती. दोघंही रडत होती, पण आवाज न करता, कारण पलीकडे पोरं झोपली होती.

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. पण पोरांना नळी हलवून हसवणंही त्यानं सोडलं.

विदादला चैन पडेना. एका सकाळी सगळ्या पोरांना शेजारणीच्या भरवशावर टाकून ती मागच्या गल्लीत उम्म शाकिरकडे गेली. तळमजल्याची एकच खोली, एकच खिडकी. सतरंजीवर दहा-बारा पोरं ओळीनं झोपलेली. बाहेर भाजीवाले ओरडत होते, उन्हाचा पट्टा थेट त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि एकही पोर कूस बदलत नव्हतं. त्या वयाच्या पोरांचं अंग इतकं स्थिर कधी नसतं, हे विदादशिवाय कुणाला ठाऊक? लमीस कडेला होती. तोंड उघडं, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

“काय पाजतेस ग यांना?” विदादनं विचारलं.

उम्म शाकिर बाजेवर बसून द्राक्षाच्या पानांत भात भरत होती. थकलेली बाई, दोन मुलगे बेकार, एक तुरुंगात. तिनं मान वर केली नाही.

“तू दार लावलंस, मी उघडलं. आता मला शिकवायला येऊ नकोस.”

“एखादं जाईल जिवानं.”

“मग घेऊन जा. हीच ना तुझी? उचल. कोण अडवतंय?”

विदाद उभी राहिली. उचलायला दोन पावलं टाकायची होती. मुठीत घराची किल्ली होती आणि ती तळहाताला रुतत होती. उचललं तर संध्याकाळपर्यंत जिन्यात कळणार, उद्या दानियाला कळणार, पुढच्या पहिल्या तारखेला प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य असणार. आणि मग पुन्हा ती खुर्ची, तो जिना, तो व्हरांडा. आजचा दिवस जाऊ दे, ती मनाशी म्हणाली. ईदपर्यंतच तर आहे. ईदला पगार होईल.

ती परत आली. संध्याकाळी निस्रीनच्या घरी जाऊन सांगितलं, की बघ बाई, मी डोळ्यांनी पाहून आले, तिथून काढ. निस्रीन कपडे धूत होती. “बरं,” म्हणाली. “कुठं ठेवू तेही सांगा.”

ईद आली, पगार आला नाही. ईद होऊन आठवडा झाला असेल. निस्रीन दुपारी पाळी संपवून लेकीला घ्यायला गेली. इतर पोरं जागी होऊन डोळे चोळत बसली होती. लमीस उठली नव्हती. उम्म शाकिर म्हणाली, “गाढ झोपलीय, सकाळी किरकिर फार करत होती, म्हणून थोडं जास्त दिलं.” निस्रीन नर्स होती. तिनं मुलीच्या निळ्या पडलेल्या नखांकडे बघितलं मात्र, आणि तिला छातीशी धरून पळत सुटली. बायका सांगतात, ती बंदराच्या रस्त्यानं अनवाणी धावत होती आणि धावता धावता पोरीच्या तोंडात श्वास भरत होती.

लमीस वाचली. पण श्वास फार वेळ मंदावला होता. महिन्यानं ती दवाखान्यातून आली तेव्हा मान धरत होती, आईकडे बघत होती, पण चालणं गेलं होतं, उजवा हात मुठीत वळला होता, आणि ती सगळी बडबड गेली होती.

पोलीस उम्म शाकिरला घेऊन गेले आणि काही दिवसांनी सोडून दिलं. खोलीला कुलूप लागलं. तिच्याकडची पोरं पांगली. काही आया विदादच्या दारी आल्या. ज्यांच्याकडे पहिल्या तारखेचे पैसे होते, त्यांची पोरं तिनं घेतली. नव्हते त्यांना परत पाठवलं.

तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. उलट पावाच्या दुकानात एकीनं समजूत घातली, “तुमचा काय दोष? तुम्ही तर बजावलं होतंत.” विदाद पाव न घेताच घरी आली.

उन्हाळ्यात बहजत गेला. वीज होती. मशीन चालू होतं. अबू हैसमचे पैसे महिन्याभराचे आधीच दिलेले होते. तो सकाळी उठलाच नाही, इतकंच. मशीन बिचारं नाकात हवा सोडत राहिलं. विदादनं ते बंद केलं आणि मग तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं त्याच्यावरची धूळ पुसली.

तीन दिवस लोक बसायला येत होते. दुसऱ्या दिवशी निस्रीन आली. बायकांच्या खोलीत भिंतीशी बसली. तिला कडू कॉफीचा कप दिला, तो तिनं प्यायला. “अल्लाह त्यांच्यावर दया करो,” म्हणाली. तिनं बहजतला किती इंजेक्शनं दिली होती, कुणी मोजली नव्हती. निघताना तिनं विदादचा हात हातात घेतला, रीतीप्रमाणे, आणि सोडला.

चाळीस दिवस झाल्यावर विदादनं पुन्हा पोरं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या तारखेला पुन्हा दारात उभी राहिली. तेव्हा दानियाच्याच तोंडून निघालं, “सित्त विदाद, आता तरी सोडा हो तुमचा तो नियम. आता कुणाचं मशीन चालवायचंय?”

दानिया दुष्ट नव्हती, फक्त तिच्या जिभेला हाड नव्हतं. पण विदादच्या मनात आलं: आता सोडायचा? आता सोडता येत असेल, तर मग तेव्हाही सोडता आला असता. मग तो जिना, तो बूट, ती सतरंजी, त्या सगळ्याचं काय करायचं? कुठं ठेवायचं ते?

“पहिल्या तारखेला,” ती म्हणाली. “आधी.”

गल्लीत म्हणू लागले, नवऱ्यामागं बाई दगड झाली.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला दारावर थाप पडली. सकाळ नुकतीच उजाडली होती, कुणी यायची वेळ नव्हती. विदादनं उघडलं तर निस्रीन. कडेवर लमीस. पोरगी वाढली होती; आईच्या कमरेवरून तिचे पाय लांब लोंबत होते. निस्रीनला एका परदेशी मदत संस्थेत काम मिळालं होतं. डॉलरमध्ये पगार.

“दिवसभराचं काम आहे,” निस्रीन म्हणाली. “हिला भरवावं लागतं. कपडे बदलावे लागतात. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. घेणार?”

विदादनं हात पुढं केले. लमीसला घेतलं. पोरीचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं, जड, आणि केसांना तोच जुना साबणाचा वास.

निस्रीननं पर्समधून पाकीट काढलं.

“नको,” विदाद म्हणाली. “हिचे नकोत मला. कधीच नकोत. निस्रीन, अल्लाहची शपथ आहे तुला.”

“का?” निस्रीनचा आवाज चढला नाही. “नियम आहे ना? पहिली तारीख आहे. कुणाचंच पोर पैशाशिवाय आत जात नाही. माझं का जाईल?”

“मी हात जोडते ग.”

“मोजून घ्या.”

तिनं पाकीट दाराजवळच्या लाकडी पेटीवर ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. विदादनं एका हातानं पोरीला धरलं आणि दुसऱ्या हातानं नोटा काढल्या. एकदा चुकली, पुन्हा मोजल्या. निस्रीन शेवटच्या नोटेपर्यंत थांबली, मग जिना उतरून गेली.

तेव्हापासून दर पहिल्या तारखेला तसंच चाललं. निस्रीन यायची, पाकीट ठेवायची आणि विदाद मोजेपर्यंत हलायची नाही. बाकीचे दिवस दोघींत फक्त लागेल तेवढंच बोलणं. जेवली का? जेवली. झोपली? थोडी. खोकला? नाही. विदाद दिवसभर लमीसचा वळलेला हात कोमट तेलानं चोळायची, बोटं एकेक करून उघडायची, ती पुन्हा मिटायची. वाटीतला भात चिरडून चिरडून भरवायची. बाकीची पोरं आधी लांब राहायची, मग त्यांना सवय झाली. ती लमीसच्या मांडीवर गाड्या चालवू लागली. त्या नोटा विदादनं खर्च केल्या नाहीत असं नाही. केल्या. जनरेटर, भात, तेल. घर चालवायचं होतं.

डिसेंबरातली गोष्ट. बाहेर पाऊस होता. विदाद पोरांना पाणी देत होती. एकेकाच्या तोंडाला पेला लावत ती पुढं सरकली आणि लमीसला वगळून गेली, कारण तिला चमच्यानं द्यायचं असे, सगळ्यांच्या शेवटी. मागून आवाज आला.

“मय्.”

पाणी. विदाद वळली. कोण बोललं म्हणून तिनं सगळ्यांकडे बघितलं. लमीस पेल्याकडे बघत होती. ओठ ओढाताणीनं पुन्हा जुळले. “मय्.”

विदादनं तिला चमच्याचमच्यानं इतकं पाणी पाजलं की शेवटी पोरीनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी निस्रीन आली. भिजलेली. “जेवली का?” तिनं विचारलं.

“जेवली.” विदाद दाराची चौकट धरून उभी होती. “बोलली.”

निस्रीनचा हात छत्रीवरच राहिला.

“मय् म्हणाली. दोनदा. मी इतरांना देत होते, तिला चुकवलं, तर म्हणाली.”

निस्रीन जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसली, ओल्या कोटासकट.

“कशी म्हणाली?”

“अशी. मय्.” विदादनं ओठ ओढून, अडखळत, पोरीसारखंच म्हणून दाखवलं.

“पुन्हा सांगा.”

विदादनं पुन्हा सांगितलं. निस्रीन भिंतीकडे तोंड करून ऐकत होती, त्यामुळं तिचा चेहरा दिसत नव्हता. मग ती उठली, लेकीला कडेवर घेतलं, नीट गुंडाळलं आणि उतरू लागली. खालच्या मजल्यापर्यंत तिचा आवाज येत राहिला. प्रत्येक पायरीला ती म्हणत होती, “म्हण, लमीस, म्हण. मय्.” पोरगी काही म्हणत नव्हती.

आत दानियाचा मुलगा अजून बसलेला होता. त्याला न्यायला आज पुन्हा उशीर झाला होता. विदादनं दार लोटलं आणि त्याच्यासाठी पाव गरम करायला गेली.